डुला आत्ता आली, पण लेबर रूममधली सोबत गेली कधी?

कळांच्या वेळी बाईजवळ बसून धीर देणाऱ्या सोबतिणीला आता डुला म्हणतात, पण अशी सोबत आपल्याकडं आधीपासून होती. सांगली-साताऱ्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच, हे ठरलेलं. पूर्वी घरातलीच एक अंधारी खोली, गावची सुईण, आई, मावशी, शेजारची एखादी जाणती बाई, आणि कळा सुरू झाल्या की कोणी कंबर चोळतंय, कोणी गरम पाणी पाजतंय, कोणी नुसतंच 'होईल गं बाई, सोस जरा' म्हणत हात धरून बसलंय. आता हे सगळं लई भारी होतं असं कोणी म्हणू नये, रक्त थांबेना झालं की सुईणीच्या हातात काही उरायचं नाही आणि बाई जायची.

तसं मिरजेत डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं, 1962 ला तिथंच सरकारी मेडिकल कॉलेजही झालं, तरी खेड्यातली बाळंतपणं बरीच वर्षं घरीच व्हायची. चित्र जोरात बदललं ते 2005 नंतर, जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई आल्या. 2005-06 ला महाराष्ट्रात शंभरातली साधारण 65 बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, 2019-21 पर्यंत ती 95 च्या आसपास गेली. दर लाख जिवंत जन्मांमागं मातामृत्यू 2001-03 ला 149 होते ते 2018-20 ला 33 वर आले. हे दवाखान्याचं श्रेय, त्यात वादच नाही.

फक्त सुईणीबरोबर मावशीपण बाहेर गेली. लेबर रूमचं दार बंद, आई बाहेर बाकड्यावर, आत एक सिस्टर आणि तिच्याकडं चार-पाच जणी, ती तरी कोणाकोणाजवळ बसणार?

गंमत म्हणजे या सोबतीचा उपयोग किती, हे मोजून बघितलं ते मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात. डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1973 मध्ये डुला हा शब्द आणला, आणि क्लाउस-केनेल या डॉक्टरांच्या टीमने तिथल्या हॉस्पिटलात कळा देणाऱ्या बाईजवळ एक साधी बाई बसवली, नर्स नाही, ट्रेनिंग नाही, ओळखही नाही. 1980 मध्ये निकाल छापून आला, दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत असलेल्यांना सरासरी 8.8 तास लागले, नसलेल्यांना 19.3. अभ्यास लहान होता म्हणून कोणी नाकं मुरडली असती, पण 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, 17 देशांतल्या 15 हजारांवर बायका होत्या आणि कल तोच निघाला, सिझेरियन कमी, नॉर्मल जास्त, कळांचा वेळही थोडा कमी.

आपल्या केंद्र सरकारनेही 2016 मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला परवानगी दिली, काही अटी आहेत, त्यातली एक अशी की ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं.

पैसे घेणारी डुला अजून पुण्या-मुंबईकडचीच गोष्ट जास्त. ती तपासत नाही, बाळंतपण करत नाही, ते काम डॉक्टर-सिस्टरचं. मला विचाराल तर कराड-विट्याच्या पोरीला ती परवडायलाच पाहिजे असं काही नाही, आठव्या महिन्यातच आशाताईला विचारून ठेवायचं आत कोणाला सोडतात ते, आणि नाव ठरवताना मानापेक्षा धीर बघायचा, उगाच रडायला लागणारी आत्या मानाची असली तरी बाहेरच बरी.