वेबसाइटचा मजकूर: काम सुरू करण्याआधी एकदा वाचाच

नमस्कार, तुमच्या वेबसाइटचा मजकूर आम्ही लिहिणार आहोत, पण त्यातलं अर्धं सामान तुमच्याकडेच आहे म्हणून हे पान आधी देतोय, निवांत वाचा.

बहुतेक जण पहिला मजकूर पाठवतात तो असा: "आम्ही गेली अनेक वर्षं ग्राहकांना दर्जेदार व तत्पर सेवा देण्यासाठी कटिबद्ध आहोत." यात खोटं काही नाही, पण हेच वाक्य वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला चालतं, हिशेब लिहून देणाऱ्याला चालतं आणि टाक्या धुणाऱ्यालाही चालतं, मग वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काय कळणार?

समजा तुमचं मशीन दुरुस्तीचं काम आहे. साइटवर जो येतो त्याच्या मशीनमध्ये पाणी तुंबलंय, कपडे आत अडकलेत, दार उघडत नाहीये आणि हातात मोबाइल आहे. त्याला एवढंच हवंय की माझ्या कंपनीचं मशीन हे लोक बघतात का, आज येतील का, नुसतं बघायला येण्याचे किती घेतात आणि दुरुस्त नाही झालं तर ते पैसे गेले का. त्याच्यासाठी आम्ही असं लिहू: "मशीनमधलं पाणी जात नाहीये? दार ओढू नका, बटण बंद करा आणि फोन करा. बाराच्या आत फोन आला तर माणूस त्याच दिवशी येतो. दुरुस्ती करून घेतलीत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा." अर्थात हे तुम्ही खरंच करत असाल तरच, जे पाळता येणार नाही ते आम्ही लिहीत नाही, कितीही छान वाटलं तरी.

एक सोपी तपासणी सांगतो, तुमच्या आत्ताच्या पानावर 'आम्ही' किती वेळा आलंय आणि 'तुम्ही, तुमचं' किती वेळा ते मोजा. 'आम्ही' खूपच जास्त निघालं तर पान स्वतःबद्दलच बोलतंय.

लोक वेबसाइट वाचत नाहीत, चाळतात, हे काही आमचं मत नाही. लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी १९९७ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार चाचणीतले ७९ टक्के लोक नवीन पानावरून नुसती नजर फिरवत होते, शब्द न शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. पुढे २००६ मध्ये त्यांच्याच संस्थेने २३२ जणांची नजर कुठे फिरते ते पाहिलं, तर वरच्या ओळी बऱ्यापैकी वाचल्या जातात आणि खाली आल्यावर डोळे डाव्या कडेनेच सरकतात असं दिसलं. म्हणून मुद्दा पहिल्या दोन-तीन शब्दांतच यायला हवा, "आमच्या अनुभवी टीमकडून" ही सुरुवात तिथे जागा अडवते.

शब्द ग्राहकाचेच ठेवायचे. तुम्ही 'ड्रेन पंप फॉल्ट' म्हणता, तो 'पाणी जात नाही' म्हणतो आणि गूगलवरही तेच टाकतो. कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये टाकलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी, भरा असा आग्रह अजून होतो, पण तो रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, आणि तोच शब्द पानभर कोंबला की ते स्पॅममध्ये धरलं जातं.

फोन नंबर फोटोत नको, टॅप केला की फोन लागला पाहिजे. फॉर्ममध्ये नाव, नंबर, अडचण, बस.

अभिप्राय घेताना "खूप छान सर्व्हिस" यावर थांबू नका, काय बिघडलं होतं, किती वेळात काम झालं ते विचारा आणि छापायची परवानगीही घ्या.

पहिल्या मीटिंगआधी आम्हाला गेल्या दोन-तीन महिन्यांतले ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवा, नावं-नंबर काढून, शुद्धलेखन सुधारायच्या भानगडीत पडू नका, ते जसेच्या तसे हवेत. सोबत तुमचे दर, वेळा, कुठपर्यंत जाता ते, आणि कुठलं काम घेत नाही तेही, कारण त्याने नको ते फोन कमी होतात. टाइप करायला वेळ नसेल तर व्हॉइस नोट चालेल, घाबरलेल्या ग्राहकाला फोनवर जसं समजावता तसंच बोला, आम्ही उतरवून घेतो.