कॅनॉनिकल की एचरेफलँग? अनुवाद न झालेल्या पानावर काय लावायचं

ठिबक सिंचनाचं साहित्य विकणारी एक साइट धरा. इंग्रजीत 120 पानं, त्यातल्या 35 पानांचाच मराठी अनुवाद झालाय. पण ‘अनुवाद नसेल तर मूळ भाषेतलं दाखवा’ हे सेटिंग चालू राहिलंय, म्हणून मराठी विभागातही 120 पत्ते उभे आहेत. त्यातल्या 85 पानांवर मेनू आणि फुटर मराठी, मधला मजकूर अक्षरशः इंग्रजीच.

अशा वेळी कॅनॉनिकल आणि एचरेफलँग यांची हमखास गल्लत होते. दोन्ही पानाच्या हेडमधले, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या कोडमधले, लिंक टॅग; दोन्हींत एखाद्या पानाचा पत्ता. कामं मात्र जवळजवळ उलटी. 2009 साली आलेला कॅनॉनिकल म्हणतो, ‘ही पानं एकच आहेत, त्यातलं हे धरा.’ 2011 साली आलेला एचरेफलँग म्हणतो, ‘ही पानं वेगळ्या भाषांच्या वाचकांसाठी आहेत, सगळी ठेवा आणि ज्याला जे हवं ते दाखवा.’

आता ती 85 पानं. पानाची भाषा ठरवताना गूगल दिसणारा मजकूर वाचतं. एचरेफलँग किंवा एचटीएमएलमधलं लँग (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली भाषेची खूण) त्यासाठी वापरत नाही. म्हणजे ‘मराठी’ लेबल लावलं तरी ही पानं इंग्रजीच, तीही मूळ पानांची नक्कल. यासाठी दंड वगैरे होत नाही, ती भीती सोडा. त्रास वेगळाच आहे: दोन पत्त्यांपैकी कुठला ठेवायचा हे गूगल ठरवतं, आणि कधी मराठी विभागातला पत्ता निवडला गेला, तर इंग्रजी वाचक मराठी मेनूच्या पानावर येऊन पडतो.

म्हणून या 85 पानांचा कॅनॉनिकल मूळ इंग्रजी पानाकडे द्या, एचरेफलँगच्या जोड्यांतून आणि साइटमॅपमधून (शोधयंत्रांसाठीच्या पत्त्यांच्या यादीतून) त्यांना काढा. त्याहून बरं म्हणजे ते पत्ते तयारच होऊ देऊ नका; मराठी मेनूतून थेट इंग्रजी पानाला दुवा द्या आणि शेजारी ‘इंग्रजीत’ असं लिहा. कॅनॉनिकलच्या जोडीला नोइंडेक्स (‘हे पान शोधात दाखवू नका’ ही सूचना) लावू नका, दोन सूचना एकमेकींना छेद देतात. रोबॉट्स फाइलमध्ये (शोधयंत्राने काय वाचायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) पान अडवलंत तर गूगलला टॅग वाचताच येत नाही.

खरं महागात पडतं ते याच्या उलट. थीम किंवा प्लगइन अख्ख्या मराठी विभागाचा कॅनॉनिकल इंग्रजीकडे वळवतं आणि मेहनतीने अनुवादलेली 35 पानं शोधातून गायब होऊ शकतात. कॅनॉनिकल हा आदेश नसून इशारा आहे, त्यामुळे काही पानं टिकतातही आणि चूक महिनोन्‌महिने कळत नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातल्या यूआरएल तपासणीत आपण दिलेला आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल शेजारी शेजारी ठेवून बघा. अनुवादित पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडेच हवा.

अर्धवट अनुवादाचं काय? शीर्षक आणि मुख्य मजकूर मराठी असेल, फक्त भागांच्या क्रमांकांचा तक्ता इंग्रजी असेल, तर ते पान मराठीच समजा. नुसता मथळा मराठी असून भागत नाही.

एचरेफलँगमध्ये मराठीचा कोड एमआर. महाराष्ट्र म्हणून एमएच लिहिणारे भेटतात. ती मार्शल बेटांवरच्या मार्शलीज भाषेची खूण आहे! गोव्यातल्या साइटची अडचण आणखी वेगळी: गूगल दोन अक्षरी भाषाकोड मागतं आणि कोंकणीला तसा कोडच नाही.

एखाद्या पानाचा अनुवाद झाला की त्याच दिवशी कॅनॉनिकल त्याच्या स्वतःकडे वळवा, दोन्ही पानांवर एकमेकांचा आणि स्वतःचा एचरेफलँग लावा, साइटमॅपमध्ये पत्ता घाला. मग यूआरएल तपासणीतून दोन्ही पानं पुन्हा वाचायची विनंती करा. नुसत्या मराठी पानाची करून पुरत नाही, कारण इंग्रजी पानावरचा परतीचा दुवा दिसेपर्यंत गूगल ती जोडी मानत नाही.