टँकरची वही आणि चार खुणांची सरासरी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिना टँकरचा असतो. टँकर आत आला की वॉचमन गेटवरच्या वहीत तारखेपुढे एक रेघ ओढतो. खजिनदार म्हणून ती वही माझ्याकडे येते. एका आठवड्याचे आकडे असे होते: ३, २, ४, ३, ५, ६, ५. मीटिंगमध्ये विचारलं जातं ते साधंच असतं. एकूण किती आले? रोजचे सरासरी किती? चाराच्या वर किती दिवस गेले? वाढतायत की कमी होतायत?

एक्सेलमध्ये हे सगळं होतं. पण मी तेव्हा ‘जे’ ही संगणकभाषा शिकायला घेतली होती, आणि वहीतले आकडे तिच्यात टाकून पाहिले. तेव्हापासून हिशेबाकडे बघायची माझी नजरच बदलली. म्हणून हा लेख.

‘जे’चं मूळ फळ्यावरच्या गणितात आहे. केनेथ आयव्हर्सन हे कॅनडात जन्मलेले गणितज्ञ. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांना नेहमीची गणिती चिन्हं अपुरी आणि विस्कळीत वाटू लागली, म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धत बसवली. १९६२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि तिच्यातूनच पुढे ‘एपीएल’ ही संगणकभाषा झाली. १९७९ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तेव्हाच्या भाषणाचा विषय होता: चिन्हं ही विचार करण्याची हत्यारं असतात. एपीएलची चिन्हं मात्र साध्या कीबोर्डवर नव्हती. ती अडचण काढून, रॉजर हुई यांच्या साथीने त्यांनी १९९०मध्ये ‘जे’ आणली. हिच्यातली प्रत्येक खूण आपल्या नेहमीच्या कीबोर्डवर आहे.

आता वही उघडू. अंक इंग्रजी टाइप करायचे, मध्ये फक्त मोकळी जागा. स्वल्पविराम नको.

+/ 3 2 4 3 5 6 5

उत्तर 28. इथे + म्हणजे अधिक, हे उघड आहे. तिरकी रेघ सांगते: डावीकडची खूण प्रत्येक दोन आकड्यांच्या मध्ये ठेव. म्हणजे ३ अधिक २ अधिक ४, असं शेवटपर्यंत. एकदा हे कळलं की पुढचं आपोआप सुचतं. दोन आकड्यांतला मोठा निवडणारी खूण >. अशी आहे. तीच सगळ्यांच्या मध्ये ठेवली, >./ असं लिहिलं, की आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा 6 हाती येतो. आयव्हर्सन यांनी यासाठी शाळेतल्या व्याकरणाचेच शब्द घेतले: आकडे म्हणजे नाम, + म्हणजे क्रियापद, आणि क्रियापदाला वळण देणारी तिरकी रेघ म्हणजे क्रियाविशेषण.

आता सरासरी.

(+/ % #) 3 2 4 3 5 6 5

उत्तर 4. तिरकी रेघ आधीच कामाला लागली आहे, म्हणून भागाकाराला % ही खूण. # म्हणजे मोजणी. कंसातलं मोठ्याने वाचा: बेरीज, भागिले, मोजणी. सरासरीची व्याख्या आपण शाळेत जशी पाठ केली, अगदी तशीच ती इथे लिहिली जाते. आकडे सात असोत की सात लाख, कंसातलं काही बदलत नाही.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढे आहे. चाराच्या वर किती दिवस गेले?

+/ 4 < 3 2 4 3 5 6 5

आधी उजवीकडचा भाग होतो: चारपेक्षा मोठा का, हे प्रत्येक आकड्याला विचारलं जातं. उत्तर मिळतं 0 0 0 0 1 1 1. ‘हो’ म्हणजे एक, ‘नाही’ म्हणजे शून्य. मग त्या होकारांचीच बेरीज करायची: 3. मोजणं म्हणजे होकारांची बेरीज, हे इतकं स्वच्छ मला याआधी कुठेच दिसलं नव्हतं. ‘किती जणांनी’, ‘किती वेळा’, ‘किती टक्के’ हे सगळे प्रश्न याच एका वाटेने सुटतात. बेरजेच्या जागी कंसातली सरासरी ठेवा, चाराच्या वर गेलेल्या दिवसांचं प्रमाण मिळेल.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी मनात पक्की करा. ‘कंचेभागुबेव’ इथे चालत नाही. कंस सोडले तर सगळं उजवीकडून सुटत येतं; खुणा इतक्या आहेत की त्यांच्यात मानपान ठेवला असता तर लक्षात राहिला नसता. माझा हिशेब इथेच चुकला होता. शिल्लक १००, खर्च ४० आणि १०, म्हणून लिहिलं 100 - 40 - 10, आणि आलं 70! कारण आधी ४० वजा १० झाले, मग १०० वजा ३०. तेव्हापासून मी आधी खर्चांची बेरीज करते, मग एकदाच वजा करते. ऋण संख्येलाही वेगळी खूण आहे: उणे पाच म्हणजे _5.

‘जे’ फुकट आहे, २०११पासून तिचा सोर्स कोडही खुला आहे. विंडोज, मॅक, लिनक्सवर चालते. काही उतरवून न घेता ब्राउझरमध्येही करून बघता येते. नोकरीसाठी शिकायचं असेल तर पायथॉनच शिका, हे मी स्पष्ट सांगेन. ‘जे’ वापरणारे थोडे आहेत, आयती साधनंही कमी. शिवाय आपणच लिहिलेली ओळ महिन्याने वाचताना थांबून उलगडावी लागते. पण आकड्यांशी रोज तासभर गप्पा मारायच्या असतील, तर इतकी मोकळी भाषा मला दुसरी माहीत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, वाढतायत की कमी होतायत. रोजचा आकडा वरखाली होतो, म्हणून तीन-तीन दिवसांची सरकती सरासरी काढायची: आधी पहिल्या तीन दिवसांची, मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसांची, असं एकेक दिवस पुढे सरकत. सरासरीचा कंस तोच, फक्त डावीकडे 3 आणि उजवीकडे उलटी तिरकी रेघ:

3 (+/ % #)\ 3 2 4 3 5 6 5

उत्तर: 3 3 4 4.66667 5.33333. मीटिंगमध्ये मी हीच ओळ वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे पुढच्या आठवड्यात सहा धरून चालायचं ना?” आम्ही सहा धरले.