कॅरमेल आणि कॅरमेल कलर

परवा कॅरमेल कस्टर्ड करताना फोन आला आणि भांड्यातली साखर हातची गेली. सोनेरी झाली, मधासारखी झाली, इथवर ठीक होतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात काळी पडून धूर निघाला. गार झाल्यावर चाखली तर कडूजहर. पण तोच चमचा गरम पाण्यात बुडवला आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं. गोडी गेली, रंग तेवढा उरला.

कॅरमेल आणि पाकिटावरचा ‘कॅरमेल कलर’ यांतला फरक साधारण हाच. कॅरमेल चवीसाठी करतात. साखर १६०-१७० अंशांपर्यंत तापवायची आणि वेळेत गॅस बंद करायचा. कॅरमेल कलर फक्त रंगासाठी असतो. तो गडद आणि कडसर असतो, पण इतका थोडा लागतो की चव कळत नाही. कोला गोड लागतो तो साखरेमुळे, या रंगामुळे नव्हे.

या रंगाच्या चार जाती आहेत; पाकिटावर त्या १५०ए ते १५०डी अशा क्रमांकांनी लिहितात. १५०ए बनवताना अमोनिया लागत नाही, सल्फाइटही (गंधकाचा क्षार) नाही. बी मध्ये सल्फाइट, सी मध्ये अमोनिया, डी मध्ये दोन्ही. एवढा खटाटोप का? तर रंगाच्या कणांवर विद्युतभार असतो. बिअरमधल्या प्रथिनांवर धन भार असतो. तिथे ऋण भाराचा रंग घातला तर दोघे एकमेकांना चिकटतात आणि तळाशी गाळ बसतो. म्हणून बिअरला धन भाराचा सी. कोलाच्या आम्लात टिकतो तो ऋण भाराचा डी. स्कॉच व्हिस्कीत मात्र कायद्याने फक्त ए चालतो. बाटल्या एकसारख्या दिसाव्यात, एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं पिंपात मुरलेल्या दारूला वरून रंग, याची मला गंमतच वाटते.

कॅरमेल कलरवरून जी ओरड झाली ती ४-एमईआय (४-मिथाइलइमिडाझोल) या पदार्थामुळे. तो अमोनियावाल्या सी आणि डी मध्ये तयार होतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने तो कर्करोगकारकांच्या यादीत घातला. मग कोलाच्या बड्या कंपन्यांनी रंग बनवण्याची पद्धतच बदलून घेतली. तुमच्या कढईत अमोनिया नसतो, त्यामुळे ती भीती कस्टर्डला लावू नका.

मला जास्त खटकतो तो ब्रेड. तांबूस दिसला की आपण तो कणकेचा समजतो. आमच्याकडे येणाऱ्या ब्राउन ब्रेडचं पाकीट उलटून पाहिलं: घटकांत पहिलं नाव मैद्याचं, आणि पार शेवटाकडे, बारीक अक्षरात, १५०ए.