ऑस्ट्रेलियातले आदिवासी संशोधक आणि डेटाची शिकवणी

1901 साली ऑस्ट्रेलियाची राज्यघटना अमलात आली. देशाची लोकसंख्या मोजताना मूळ आदिवासींना धरू नये, असं तिच्या 127व्या कलमात लिहिलं होतं. त्याच वर्षी बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलन हे दोघे कॅमेरा, फोनोग्राफ आणि चित्रफितीचं यंत्र घेऊन मध्य ऑस्ट्रेलियात फिरत होते. टेनंट क्रीकला वारुमुंगू लोकांमध्ये त्यांनी मुक्काम केला. नातेसंबंध, विधी, गाणी, जे दिसलं ते टिपलं. शिरगणतीत ज्यांची नोंद नको, त्यांच्या थेट देवघरातलं मात्र सगळं हवं, असा तो मामला होता.

हे कलम 1967च्या सार्वमताने गेलं. नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी ‘हो’ म्हटलं. पण तोवर संग्रहालयं, मिशनं आणि आदिवासींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळांकडे कागद, ध्वनिमुद्रणं आणि फोटो यांचे ढीग साठले होते. 1964 साली कॅनबेरात आदिवासी अभ्याससंस्था स्थापन झाली (आजची एआयएटीएसआयएस). तिच्या पहिल्यावहिल्या कार्यकारी मंडळावर एकही आदिवासी माणूस नव्हता.

ऑस्ट्रेलियात आज मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना, आणि त्यांच्याबरोबर आदिवासी संशोधकांनाही, डेटा हाताळायला शिकवणारे वर्ग चालतात. त्यांची पूर्वपीठिका सांगताना बहुतेक जण संगणकापासून सुरुवात करतात. मला ती अपुरी वाटते, म्हणून आधी ढिगांबद्दल सांगितलं.

संगणकाकडून येणारी वाट थोडक्यात अशी. इटलीतले जेझुइट पाद्री रोबेर्तो बुसा 1949 साली न्यूयॉर्कला आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना भेटले आणि मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या लॅटिन लेखनाची शब्दसूची यंत्रावर करायचं ठरलं. नाव बुसांचं झालं. पंचकार्डं भोसकण्याचं काम गॅलाराते गावातल्या तरुण मुलींनी केलं. पुढची कित्येक वर्षं हा मार्ग मोजक्या हौशी प्राध्यापकांचाच राहिला. 1998 साली अमेरिकेत ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ नावाचा वर्ग घेतला. त्यातूनच पुढे दोन दिवसांच्या कार्यशाळांचा साचा तयार झाला: शिकवणारा पडद्यावर कोड टाईप करतो, बाकीचे त्याच्याबरोबर टाईप करतात, आणि अडलं की लॅपटॉपवर रंगीत चिकटचिठ्ठी लावतात, म्हणजे मदतनीस येतो. हात वर करायची लाज वाटणाऱ्या मोठ्या माणसांना ही चिठ्ठी फार सोयीची. इतिहासकारांसाठी 2008 साली कॅनडात ‘प्रोग्रामिंग हिस्टोरियन’ हे ऑनलाइन धड्यांचं संकेतस्थळ सुरू झालं, ग्रंथपालांसाठी 2015 साली लंडनमध्ये ‘लायब्ररी कार्पेंट्री’च्या कार्यशाळा. 2015च्या सुमारास मेलबर्न विद्यापीठात ‘रिसर्च बझार’ भरू लागला. तिथे पीएचडी करणारे विद्यार्थीच एकमेकांना साधनं शिकवत.

या साच्यात सामाजिक शास्त्रांसाठी जो पाठ आहे, त्यातली सरावाची फाईल बघण्यासारखी आहे. टांझानिया आणि मोझांबिकमधले शेतकरी स्वतः करत असलेल्या सिंचनाबद्दलच्या पाहणीतली ती माहिती. 131 ओळी, प्रत्येक ओळ एक घर: भिंत कशाची, खोल्या किती, घरात कोणत्या वस्तू, जनावरं किती. गावांच्या नावांत मुद्दाम चुका ठेवलेल्या आहेत. चिरोद्झो कुठे, चिर्दोझो कुठे. ओपनरिफाइन नावाच्या साधनात ‘क्लस्टर’चं बटण दाबलं की सारखी दिसणारी नावं एका गठ्ठ्यात येतात, आणि आणखी एका क्लिकमध्ये सगळीकडे एकच रूप होतं. शिकणाऱ्याचे डोळे इथे चमकतात, आणि त्यात गैर काही नाही. हाताने केलं तर दिवस जाईल असं काम चुटकीसरशी होतं.

आता हेच बटण मध्य ऑस्ट्रेलियाच्या जुन्या नोंदींवर चालवा. स्पेन्सर-गिलन ‘वारामुंगा’ लिहितात, आज लोक स्वतःला ‘वारुमुंगू’ म्हणतात. कुठे एक रूप केवळ ऐकण्यातली गफलत असते, तर कुठे वेगळं रूप म्हणजे वेगळी बोली किंवा शेजारचा वेगळा गट. यंत्राला दोन्ही सारखेच. एआयएटीएसआयएसने ऑस्टलँग नावाची सूची केली आहे. तीत प्रत्येक भाषेला अक्षर-अंकांचा एक संकेतांक आहे आणि तिची जुनी-नवी नावं एकत्र नोंदलेली आहेत. म्हणून जाणता शिक्षक मूळ रकाना तसाच ठेवायला सांगतो, शेजारी संकेतांकाचा नवा रकाना करायला लावतो, आणि कोणतं नाव कुणाचं हे त्या लोकांनाच विचारायला सांगतो. जमिनीच्या हक्काचे दावे, आदिवासींचा हा हक्क मान्य करणाऱ्या 1992च्या माबो निकालानंतर आणि 1993च्या कायद्यानंतर अशाच जुन्या वंशावळी आणि टिपणांच्या आधारे लढले गेले आहेत, हे लक्षात घेतलं तर या रकान्याचं वजन कळतं.

दुसरी वाट इथून सुरू होते, आणि ती विद्यापीठांत जन्मलेली नाही. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सच्या आरोग्य-पाहणीच्या समितीने 1998 साली ठणकावून सांगितलं की आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा आमचा. टेनंट क्रीकमध्ये अमेरिकन अभ्यासक किम क्रिस्टन यांच्या सोबतीने वारुमुंगू लोकांनी 2007 साली आपला डिजिटल संग्रह उभा केला, मुकुर्तू नावाचा. बाहेरून परत आलेले फोटो त्यात होते. पण कोणता फोटो कुणाला दिसेल, हे बघणाऱ्याचं कूळ, बाई की पुरुष, कोणत्या भूमीशी नातं, यावरून ठरे. माणूस वारला की त्याच्या फोटोवर तशी सूचना येई. आज त्याच विचारातून घडलेलं मोफत सॉफ्टवेअर इतर देशांतले आदिवासी समूहही वापरतात.

आदिवासींच्या आपल्या डेटावरच्या या हक्कावर 2015 साली कॅनबेरात परिसंवाद झाला, 2017 साली ऑस्ट्रेलियात त्यासाठी ‘मायम नायरी विंगारा’ हा आदिवासींचा गट स्थापन झाला. तोवर विज्ञानाच्या जगात ‘फेअर’ तत्त्वांचा बोलबाला झाला होता (2016): डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा. त्यात माणूस कुठेच नव्हता. 2019 साली जगभरातल्या आदिवासी डेटा-चळवळीने ‘केअर’ तत्त्वं मांडली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीती. ‘फेअर’ला पूरक म्हणून ती मांडली गेली असली, तरी माझ्या मते ती दुरुस्ती आहे.

सरकारी पैसा या दोन्ही वाटांना उशिरा भेटला. राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे ऑनलाइन भांडार 2009 साली खुलं झालं. जुन्या वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधल्या चुका सामान्य वाचकांनी घरबसल्या सुधारल्या, आणि इतिहासकार टिम शेरट यांच्यासारख्यांनी त्यावर शिकायची तयार ‘नोटबुकं’ (मजकूर आणि कोड एकत्र असलेली पानं) आणि साधनं रचली. 2016च्या राष्ट्रीय आराखड्यात विज्ञानाच्या मोठ्या सुविधांशेजारी मानव्यविद्यांनाही रांगेत जागा होती, नऊ क्षेत्रांपैकी एक म्हणून. 2018 साली तीन जुन्या योजना एकत्र करून एआरडीसी ही डेटा-संस्था झाली आणि 2020च्या योजनेत मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं व आदिवासी संशोधन यांसाठी 89 लाख डॉलर ठेवले गेले. त्यातून भाषांचा डेटा क्वीन्सलँड विद्यापीठाकडे, सामाजिक शास्त्रांचं काम कॅनबेरातल्या राष्ट्रीय विद्यापीठाकडे, आणि आदिवासी संशोधनक्षमतेचं काम मेलबर्न विद्यापीठाकडे गेलं. प्रशिक्षणाचे वर्ग या सगळ्याच्या आधाराने चालतात.

आधार तसा भक्कम नाही. 2023च्या सुरुवातीला ट्रोव्हच बंद पडतं की काय अशी वेळ आली होती. एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी 3 कोटी 30 लाख डॉलर दिले तेव्हा निभावलं. किती वर्गांचे धडे त्या एका संकेतस्थळावर उभे आहेत, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आलं.

मे 2024मध्ये केंद्र सरकारने आदिवासी डेटाच्या कारभाराची चौकट जाहीर केली. तीत डेटाविषयक क्षमता वाढवण्याचं कलम आहे, आणि ते एकट्या आदिवासी समूहांना लागू नाही. त्यांची माहिती वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या सरकारी खात्यांच्या कर्मचाऱ्यांनीही शिकायचं आहे: आपल्याकडे कुणाचं काय पडलं आहे, आणि ते ज्यांचं आहे त्यांना कसं सांगायचं.