खुलासा : वांद्रे इंग्रजांना आंदणात मिळाले नव्हते

पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालेल्या विवाहात मुंबईच्या सात बेटांबरोबर वांद्रेही इंग्रजांना मिळाले, हे विधान वर्षानुवर्षे फिरत आहे; ते चुकीचे आहे. 1661 च्या विवाह-तहानुसार दिलेल्या आणि 1665 मध्ये इंग्रजांच्या हाती आलेल्या मुंबईची उत्तर सीमा माहीमच्या खाडीवर संपत होती. खाडीपलीकडचे वांद्रे साष्टी बेटाचा भाग असून पोर्तुगीजांकडेच राहिले. 1737 ते 1739 दरम्यान चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली, 1774 मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि मराठे व इंग्रज यांच्यातील 1782 च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. वांद्र्याला माहीमशी जोडणारा रस्ता तर 1845 मध्ये, अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीमुळे, खुला झाला.

हा तपशील क्षुल्लक नाही. आंदणाच्या कथेत वांद्रे मुंबईची केवळ पुरवणी ठरते आणि रानवर, चुईम, पाली यांसारख्या गावठाणांत पोर्तुगीज काळापासून वाढलेले, मराठीचीच बोली बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती (मुंबई परिसरातील मूळचा ख्रिस्ती समाज), तसेच चिंबईचे कोळी, यांचे स्वतंत्र ग्रामजीवन दृष्टीआड होते, ही माझ्या मते या गैरसमजाची सर्वांत मोठी हानी आहे. गल्ल्यांच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस, सप्टेंबरातील माउंट मेरी चर्चची जत्रा, ज्यात अन्य धर्मीयही मेणबत्त्या वाहतात, हे त्याच ग्रामजीवनाचे चालू रूप आहे. प्रशासकीयदृष्ट्याही वांद्र्याला 1876 पासून स्वतःची नगरपालिका होती; बृहन्मुंबईत त्याचा समावेश स्वातंत्र्यानंतर, 1950 मध्ये झाला.