व्यायाम, वय आणि मेंदूचा रक्तप्रवाह: मोजमापांची पार्श्वभूमी

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा त्याला लागतो. मिनिटाला साधारण पाऊण लिटर. जोरदार व्यायामात हृदयाचं उत्पादन ५ लिटरवरून २० लिटरच्या आसपास जातं, तेव्हा मेंदूच्या वाट्याला किती येतं? आणि वय वाढल्यावर त्यात काय बदलतं? या प्रश्नांची उत्तरं गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि बऱ्याचदा ती बदलली मोजण्याच्या साधनामुळे.

माणसाच्या मेंदूचा रक्तप्रवाह आकड्यात मांडता आला तो १९४० च्या दशकात, सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांच्या नायट्रस ऑक्साइड पद्धतीमुळे. १५ टक्के नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा १० मिनिटं हुंगायला द्यायची. त्याच वेळात धमनीतून आणि मानेतल्या मोठ्या शिरेच्या वरच्या टोकातून रक्ताचे जोडनमुने घ्यायचे आणि दोन्हींतल्या वायूच्या फरकावरून प्रवाह काढायचा. निरोगी तरुणांत १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला ५० ते ५५ मिलिलिटर हा आकडा तिथून आला.

१९५४ मध्ये शाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत जोरदार व्यायामात वापरली. एकूण प्रवाहात वाढ दिसली नाही. ‘मेंदूचा रक्तप्रवाह व्यायामाने बदलत नाही’ हे वाक्य मग पाठ्यपुस्तकांत घट्ट बसलं. पद्धतीतली मेख अशी, की १० मिनिटांची सरासरी संपूर्ण मेंदूवर पसरते. एखाद्या भागातली वाढ तिच्यात विरून जाते, आणि त्या १० मिनिटांत स्थिती बदलली तर हिशोबच डळमळतो.

वयाच्या बाबतीत गोंधळ वेगळा होता. १९५६ मध्ये केटींनी तोवरच्या मोजण्या एकत्र मांडल्या तेव्हा प्रवाह वयानुसार उतरताना दिसला. पण मोजलेले वृद्ध निरोगी होते का? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काटेकोर वैद्यकीय तपासणीतून निवडलेले वृद्ध पुरुष घेतले, तर त्यांचा प्रवाह तरुणांपेक्षा फारसा कमी नव्हता. लक्षणं नसली तरी तपासणीत आजाराच्या खुणा सापडलेल्यांत मात्र तो घटलेला होता. ‘निरोगी वार्धक्य’ हा शब्द वापरताना आजही ही चाळणी किती बारीक होती, हे आधी विचारायला हवं. पुढच्या अभ्यासांत निरोगी लोकांतही हळूहळू होणारी घट दिसली, पण रोगामुळे होणाऱ्या घटीची भर तिच्यात नकळत पडते ती याच जागी.

खरी कलाटणी १९८२ ची. रून आस्लिड यांनी २ मेगाहर्ट्झचा डॉप्लर (ध्वनिलहरींवरून रक्ताचा वेग मोजणारं यंत्र) कानशिलाच्या पातळ हाडातून मिडल सेरेब्रल या मेंदूतल्या मोठ्या धमनीवर रोखला. आता सायकल चालवणाऱ्या माणसात ठोक्यागणिक वेग दिसू लागला. चित्र असं उमटलं: कमाल क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत वेग वाढतो, मग पुन्हा खाली येऊ लागतो. कारण श्वासात आहे. जोर वाढला की माणूस गरजेपेक्षा जास्त हवा खेचतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. कार्बन डायऑक्साइडचा रक्तातला दाब १ मिलिमीटर पारा उतरला की प्रवाह सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी घटतो. म्हणजे ४० वरून ३५ वर आला, तर १५ ते २० टक्के. म्हणून उच्छ्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड न नोंदवलेली व्यायामचाचणी अर्धवटच समजावी.

वयस्कांतही ही कमान बहुतांशी तशीच राहते. ती खालच्या पातळीवर सुरू होते आणि खालीच चालते. इथे एक फसगत नेहमी होते. तरुण आणि वृद्ध दोघांना सायकलवर सारखाच १०० वॅटचा भार दिला, तर वृद्ध आपल्या क्षमतेच्या कितीतरी वरच्या टक्क्यावर असतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच घसरू लागतो. मग श्वासाचा परिणाम वयाच्या खात्यावर जमा होतो. तुलना प्रत्येकाच्या स्वतःच्या क्षमतेच्या टक्केवारीवर केली, तरच ती ग्राह्य. शिवाय वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, कानशिलाचं हाड जाड झाल्याने अनेकदा संकेतच मिळत नाही. अशी माणसं वगळली जातात आणि नमुना एकतर्फी होतो.

डॉप्लरची मोठी मर्यादा म्हणजे तो वेग मोजतो, प्रवाह नव्हे. धमनीचा व्यास ३.० वरून ३.१ मिलिमीटर झाला, तर छेदाचं क्षेत्रफळ जवळपास ७ टक्क्यांनी वाढतं. वेग तोच राहिला तरी प्रवाह तितकाच वाढलेला असतो. व्यास स्थिर धरूनच वर्षानुवर्षं निष्कर्ष काढले गेले. २०१४ मध्ये एमआरआयने कार्बन डायऑक्साइडच्या चढउतारात व्यास बदलतो हे दाखवलं, तेव्हा ते पुन्हा तपासावे लागले. २०११ मध्ये मानेतल्या धमन्यांवर व्यास आणि वेग दोन्ही मोजणाऱ्या अल्ट्रासाउंडने आणखी एक गोष्ट उघड केली: मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या इंटर्नल कॅरॉटिड धमनीतला प्रवाह जोरदार व्यायामात माघार घेतो, तर मेंदूच्या मागच्या भागाला आणि मेंदूस्तंभाला रक्त पुरवणाऱ्या व्हर्टिब्रल धमनीतला प्रवाह वाढतच राहतो.

तंदुरुस्तीचा मुद्दा २००८ च्या एका अभ्यासाने ठळक केला. फिलिप एन्सली आणि सहकाऱ्यांनी १८ ते ७९ वयाच्या ३०७ निरोगी पुरुषांत विश्रांतीतला वेग मोजला. सहनशक्तीचा व्यायाम करणाऱ्यांत तो बैठ्या जीवनशैलीच्या पुरुषांपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त होता, आणि वयानुसार होणारी घसरण मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. ही एकाच वेळची तुलना आहे. व्यायाम सुरू केल्यावर तेवढी वाढ होते, असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच माणसांना प्रशिक्षणाआधी आणि नंतर, एकाच यंत्रावर, एकाच स्थितीत मोजावं लागतं.